दुसरी टक्कर

आमच्या ह्यांच्या हृदयातली झडप बदलून दोन वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. चिकलठाण्यातल्या कंपनीत पत्रा कापण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्या हाताशी मी साधी विळी राहू देत नाही. वस्तरा गेला, दाढीचं मशीन आलं. न्हाणीत रबरी चटई आली. मी घरी ब्लाउज शिवते. एक सुई कमी भरली तर सगळं घर झाडून काढते. "अगं, मी काय फुगा हाय का?" हे वैतागायचे. मी ऐकून सोडून द्यायची.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, डोक्याला मार लागला तर रक्त दिसो वा न दिसो, वाट बघू नका, लगेच या. आत रक्त साचलं तर बाहेरून कळत नाही. ते मी लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवलं होतं.

गेल्या हिवाळ्यातली दुपार. आम्ही दोघं खाली बसून मटार सोलत होतो. परात कलंडली, दाणे घरभर पळाले. दोघं एकदमच वाकलो आणि कपाळाला कपाळ टणकन आपटलं. मला हसू आलं. हसता हसता मी ह्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि पुन्हा एक टक्कर दिली. माहेरी देवगावला आम्ही बहिणी असंच करायचो. टक्कर एकदाच झाली तर शिंगं फुटतात, म्हणून दुसरी द्यायचीच. हेही हसले.

मग माझी नजर फ्रिजवरच्या चिठ्ठीकडे गेली.

"उठा. दवाखान्यात चला."

"कशाला? खरचटलंसुद्धा नाय."

मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "ते पडल्या-झडल्यावर," हे म्हणाले, "मी पडलोय व्हय?"

खरं सांगते, मलाही जायची लाज वाटत होती. तिथं जाऊन काय सांगणार, बायकोनं टक्कर दिली म्हणून? अर्धा तास मी नुसती घरात येरझाऱ्या घातल्या. दाणे वेचले, धुतलेली परात परत धुतली. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, विचारून ह्यांना भंडावलं. तेवढ्यात ह्यांना जांभई आली. दुपारची रोजचीच ती, पण मला ती गुंगीच वाटली. मी पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा बोलावली.

जालना रोडवर प्रत्येक धक्क्याला मी रिक्षावाल्यावर खेकसत होते. तो बिचारा "आंटी, आहिस्ता ही चला रहा हूँ" म्हणत राहिला.

"कसं लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कपाटाचं दार लागलं," हे म्हणाले. मला सांभाळून घेत होते.

"खोटं बोलतायत," मी म्हणाले. "माझं डोकं लागलं. दोनदा. दुसऱ्यांदा मी मुद्दाम आपटलं."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. हसल्या मात्र नाहीत. गोळी शेवटची कधी घेतली, रक्त कधी तपासलं, एवढं विचारलं आणि लगेच स्कॅनला पाठवलं.

बाहेरच्या बाकावर मला देवसुद्धा आठवला नाही. मी स्वतःलाच शिव्या घालत बसले. दोन वर्षं सुया मोजणारी बाई, आणि ह्या माणसाचा जीव धोक्यात घातला कुणी, तर तिनंच. हे आतून धड बाहेर येतील ना, एवढंच डोक्यात फिरत होतं.

स्कॅन चांगला निघाला. तरी चारपाच तास थांबवून घेतलं. घरी गेल्यावर ओकारी, गुंगी, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर तसंच परत यायचं आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हे मला दोनदा समजावलं.

परतीच्या रिक्षात माझी भीती उतरली आणि राग वर आला. "मी येडी, माझ्या हातून झालं. पण तुमाला तर कळत होतं ना? मी डोकं धरलं तेव्हा सरकलात का नाय?"

ह्यांनी कपाळावरून हात फिरवला.

"दोन वर्षांत," म्हणाले, "तू मला पयल्यांदा न घाबरता धरलं होतंस."