सहाव्या गावाचं दूध

बायकोला सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत तासन्‌तास उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. मुलांना तर नाहीच — ती मला फार सरळ माणूस समजतात. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नसाल तर उत्तम. ओळखत असाल आणि उद्या रस्त्यात तोंड फिरवलंत, तरी माझी तक्रार नाही.

पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही. जन्मभर प्राध्यापकी केली. आधी प्रस्तावना लागते.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होतो. तरुण होतो, आवाज चांगला होता, आणि आपला आवाज चांगला आहे हे मला माहीत होतं. त्या दिवसांत माझा एक विषय गाजत होता — युरोपातली ती सामायिक बाजारपेठ आणि तिच्या दारात उभा असलेला ब्रिटन. वर्गात पोरं हसायची. साहेब दारात उभा! पॅरिसनं दोनदा हाकललेला! बरं झालं म्हणायची. मी टेबलावर हात आपटायचो. म्हणायचो, ज्यानं आपल्याला दीडशे वर्षं आपल्याच घराबाहेर उभं केलं, त्याच्यावरही अन्याय होत असेल तर अन्यायच म्हणायला हवं. अट घालायची तर घाला. पण अट पाळून माणूस परत आला की दार उघडा. तो परत आला की नवी अट काढणं — ही बदमाशी आहे, मग ती पॅरिसमध्ये होवो नाहीतर पंचायतीत!

‘पंचायतीत’ या शब्दावर टाळ्या पडायच्या. मला त्या टाळ्यांची सवय लागली.

हेच व्याख्यान मी एकदा कॉलेजाबाहेर, सोलापुरातच जाहीर सभेत दिलं. श्रोत्यांत शेवटच्या रांगेत बसाप्पा मास्तर बसले होते. होटगीच्या पलीकडच्या एका गावात ते शाळेवर होते. त्या गावाचं नाव मी घेणार नाही, सहावं गाव म्हणेन — कारण त्या भागात पाच गावांचा मिळून एक दूध संघ होता, आणि हे सहावं गाव त्या संघात घ्या म्हणून दारात उभं होतं.

पाच गावं मराठी. सहाव्या गावात घरोघरी कानडी; मराठीही बोलायचे, पण आमच्या लोकांना ती आपली वाटायची नाही. संघाचे कॅन पहाटे होटगीला आगगाडीत चढायचे आणि सोलापूरला यायचे. सहाव्या गावचं दूध व्यापारी घरी येऊन उचलायचा, म्हणेल तो भाव. म्हणून त्यांनी संघाकडे अर्ज केला. संघ म्हणाला, तुमच्या गावाला गाडीवाट नाही. गावानं उन्हाळाभर राबून ओढ्यापर्यंत मुरुमाची वाट केली. बाया डोक्यावर पाट्या घेऊन होत्या. मग संघ म्हणाला, दूध गोळा करायला खोली कुठं आहे? त्यांनी मठातली एक खोली रिकामी केली. मग काय राहिलं? मग कुणीतरी म्हणालं — दूध चोख असेल कशावरून?

संतापजनक नाही का? मलाही संताप आला. खरा संताप. व्याख्यान संपल्यावर बसाप्पा मास्तर गर्दी सरेपर्यंत थांबले आणि मला म्हणाले, “सर, तुमी जे बोललासा ते आमचंच की. आमच्या दुधाची परीक्षा तुमी करा. तुमी सांगाल ते आमाला कबूल.”

मी लगेच हो म्हणालो. का नाही म्हणणार? त्या संघाचा चेअरमन माझा सख्खा मामा होता.

मामाबद्दल वाईट बोलायला जीभ उचलत नाही, आणि तीच तर रड आहे. वडील गेल्यावर मामानं मला शिकवलं. त्याच्या ताटात जेवलो. त्याचा स्वभाव ओरडण्याचा नव्हता. मास्तरांचा निरोप ऐकून तो हसला. म्हणाला, “जा की. तुझ्यावर दोन्हीकडचा इस्वास हाय.” आणि दूध तपासायची काचेची नळी त्यानंच माझ्या हातात दिली. दुधात सोडायची, पाणी असेल तर नळी खाली जाते, चोख असेल तर वर राहते. यात पांडित्याचं काही काम नाही.

थंडीचे दिवस होते. उजाडता उजाडता मास्तरांनी मला घरोघर फिरवलं. माणसांनी आंघोळी करून ठेवल्या होत्या. एका घरी दुधाच्या चरवीला हळदकुंकू लावलं होतं. मी नळी सोडत गेलो. कुठंच खाली गेली नाही. ऐकताय ना? एकाही घरी नाही.

ओढ्याच्या कडेला शेवटचं घर शिवव्वाचं. विधवा बाई, लेक सोलापुरात दिलेली, दारात एक म्हैस. गावात बाकीच्यांचा गोतावळा होता, हिला कुणी नव्हतं. मी पितळी तांब्यात नळी सोडली तशी ती म्हणाली, “माजी म्हस लई पानी पिती यप्पा. दुधात घालायला ऱ्हातंय कुटं?”

मी हसलो. मास्तरही हसले. नळी वर तरंगत होती.

परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो. मनात भाषण तयार होत होतं.

संध्याकाळी मामाच्या सोप्यावर संघाची बैठक होती. त्याआधी आम्ही मामा-भाचे जेवायला बसलो. मामा भाकरी मोडता मोडता बोलला, माझ्याकडे न बघता — “गाव मोठं हाय ते. आत आलं की मतं त्यांची जास्त. उद्या हितं दुसराच कोन तरी बसंल आन् आमी खाली बसून कानडी ऐकू.” मग म्हणाला, “तू काय बघितलास ते तू सांग. आमी काय सांगत न्हाय.”

झालं. एवढंच. धमकी नाही, गळ घालणं नाही, उपकारांची आठवण नाही. मी कित्येक वर्षं आठवून पाहिलं — मामा काहीतरी अधिक बोलला असेल, ज्याच्यावर मला ढकलता येईल. नाही बोलला.

बैठकीत पाच गावचे पुढारी बसले होते. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली ती माणसं. त्यांनी मला लोडाशी बसवलं. “बोला प्रोफेसर,” कुणीतरी म्हणालं. आणि मी तोंड उघडलं आणि म्हणालो —

काही घरांच्या दुधात पाणी आढळलं.

असंच. वाक्य बाहेर पडल्यावर मलाच ते परकं वाटलं. भीती होती का? कसली? मला कुणी खाणार नव्हतं. त्या सोप्यावर, त्या माणसांत, मला आपलं असायचं होतं. बाहेरच्याची बाजू घेणारा शहाणा भाचा नाही व्हायचं — एवढ्यासाठी. इतक्या फालतू गोष्टीसाठी मी एका गावाच्या तोंडाला काळं फासलं.

आणि पुढचं ऐका. एकानं विचारलं, “कुनाच्या घरात घावलं?” मी म्हणालो, “नाव घेणं बरं नव्हे. गरीब माणसं आहेत.” त्यावर माना डोलल्या. प्रोफेसर सभ्य माणूस! मला — लाज वाटते सांगायला — त्या क्षणी खरंच आपण थोर आहोत असं वाटलं.

अर्ज फेटाळला गेला. होटगीच्या बाजारात सहाव्या गावाला पाणीवाले म्हणायला लागले. व्यापाऱ्यानं भाव आणखी पाडला. तुम्हाला वाटेल, गाव माझ्यावर उलटलं असेल. मलाही तेच वाटलं होतं. मास्तर सोलापूरला माझ्या घरी आले तेव्हा मी मनातल्या मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांनी दारातच हात जोडले.

“सर, तुमी एवढा इस्वास ठेवलासा आन् आमच्या मानसांनी तुमची मान खाली घातली. माफी करा.”

समजलं का? मी खोटं बोललो असेन हे त्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही. त्यानं माझं भाषण ऐकलं होतं ना! न्यायाबद्दल असं बोलणारा माणूस खोटं कसं बोलेल? मग पाणी असणारच. मग आपल्यातलाच कुणीतरी बेइमान असणार.

आणि मी काय केलं? मी त्यांना माफ केलं. चहा पाजला, म्हणालो, “जाऊ द्या मास्तर, माणसाकडून चूक होते.” आजही हे शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मारली नाही कधी. राग राग म्हणतो मी, पण माझा राग नेहमी दुसऱ्याच्या दारात जाऊन ओरडणारा.

गावानं चोर शोधायला घेतला. मठात प्रत्येक घराकडून शपथ घेतली. सगळ्यांनी घेतली, शिवव्वानंही घेतली. पण कुणीतरी खोटी घेतली असणार असं धरूनच बसले होते ते. मग कोण? ज्यांच्या मागं चार भाऊ उभे होते त्यांच्यावर बोट कोण ठेवणार? शेवटचं घर, ओढ्याकाठचं, एकटी बाई. आणि त्या सकाळी ती स्वतःच पाण्यावरून बोलली होती की! तिचा विनोदच तिच्यावर पुरावा म्हणून आला. मी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं, म्हणून गावाला तिचं घेता आलं.

तिचं दूध घेणं बंद झालं. व्यापाऱ्यालाही गावानंच सांगितलं, हिच्याकडचं घेऊ नका. पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही — बहात्तरचा दुष्काळ तुम्हाला ठाऊकच आहे. संघाच्या पाच गावांत जनावरांसाठी कडबा आला. सहावं गाव संघात नव्हतं. त्यांची जनावरं मिळेल त्या किमतीला गेली, शिवव्वाची म्हैसही गेली. ती सोलापूरला लेकीकडे आली आणि विड्या वळायला लागली.

हे सगळं मला मास्तरांनीच सांगितलं, एकदा स्टेशनवर भेटले तेव्हा. “घावली शेवटी,” म्हणाले. मी मान हलवली.

आता जे सांगायचं आहे ते इथं आहे. इथवर जे सांगितलं ते कदाचित मी एखाद्या दिवशी बायकोला सांगितलंही असतं. सोप्यावर जीभ घसरली, तरुण होतो, मामाचे उपकार — माणूस असलं काहीबाही बोलून स्वतःला सोडवतो. पण यापुढच्याला काय म्हणाल?

ब्रिटन अखेर त्या बाजारपेठेत गेला त्या दिवसांतली गोष्ट. मी वर्गात ‘न्याय उशिरा का होईना’ असं काहीतरी बोलून घरी आलो होतो. दुपारची वेळ. दारात एक बाई उभी. मी ओळखलं. लगेच ओळखलं. अंगानं निम्मी झाली होती, बोटांना तंबाखूचा वास.

तिनं भांडण केलं नाही. पायरीवर टेकली. म्हणाली, “सर, मी कायबी मागाय आले न्हाय. एकदा मास्तरास्नी तेवडं सांगा की, शिवव्वाच्या दुधात पानी नव्हतं. तुमी सवता नळी घातलासा. माज्या बोलन्यावर हसलासा बी. याद हाय न्हवं?”

तिला वाटत होतं, पाणी दुसऱ्या कुणाच्या घरी सापडलं. तिच्या मनातसुद्धा मी खरा होतो! तिला फक्त तिच्यापुरतं खरं हवं होतं. एक वाक्य. मला गावासमोर उभं राहायचं नव्हतं, मामाला दुखवायचं नव्हतं, खोटं कबूल करायचंही नव्हतं. ‘हिचं दूध चांगलं होतं’ — एवढं म्हटलं असतं तरी माझी लबाडी झाकलेली राहिली असती आणि ती बाई सुटली असती. पण मग मास्तरांनी विचारलं असतं, मग कुणाचं? आणि हिशेब घरोघर फिरत माझ्यापाशी आला असता. हे सगळं मी तिच्यासमोर उभ्या उभ्या, थंड डोक्यानं पाहिलं. आणि म्हणालो, “मावशी, इतकी घरं होती. मला कसं आठवेल?”

ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, “व्हय. लई घरं हुती.” जणू मलाच समजावत होती. प्यायला पाणी मागितलं. बायकोनं आणून दिलं. पिऊन, भांडं पालथं घालून, गेली.

बायकोनं विचारलं, कोण होती? मी म्हणालो, कामाला विचारत होती.

शिवव्वा पुढं दोन-तीन वर्षांतच गेली, लेकीच्या घरी. गावाकडे परत कधी गेली नाही. मामा थकला, संघाच्या कारभारात सरकारी माणूस आला, आणि त्यानं सहावं गाव एका बैठकीत आत घेतलं. दूध कुणी तपासलं नाही. तपासायची गरजच काय होती?

त्या दिवशी गावात समारंभ झाला. बसाप्पा मास्तरांच्या आग्रहामुळे पाहुणा म्हणून मला बोलावलं. मी गेलो. हो, गेलो. सहकारावर बोललो, चांगला बोललो. ओढ्याकाठचं ते घर पडलेलं दिसत होतं; मी दुसरीकडे बघून बोललो. शेवटी मास्तरांनी मला नारळ दिला आणि खांद्यावर एक सोलापुरी टॉवेल घातला.

नारळ आम्ही घरी फोडला. टॉवेल चांगला जाड होता. मी तो फाटेपर्यंत वापरला.