दाराजवळ बसून पहिल्यांदा काय दिसतं

मास्तर मेले अन् माझी मस्करी उपाशी राहिली.

आज वर्ष झालं. भिंतीशी मस्करी करून बघितली. भिंत चिडत न्हाई.

आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ताडकळसच्या बाजारातून मोठाले कागद आणायचे अन् रविवारभर ओसरीवर तक्ते काढत बसायचे.

रंग दोनच. काजळी अन् गेरू.

"तिसरा रंग दिला की लेकरू रंगच बघत बसतं. धडा ऱ्हातो बाजूला."

एका कागदावर एकच चित्र. बाकी सगळं मोकळं.

मी म्हणायचे, "एवढा कागद वाया? द्या हिकडं, पापड वाळू घालते."

"अगं, मोकळ्या जागेमुळंच नजर ठरती."

तक्ता झाला की मला रिकाम्या वर्गात न्यायचे. पार मागं, दाराजवळ बसवायचे. माझी टेस्ट.

"पहिल्यांदा काय दिसतं?"

"तुमच्या सदऱ्याचं तुटलेलं बटन."

"खरं सांग की गं!"

लय चिडायचे. मला लय मजा यायची.

पण खरं सांगायचं तर तिथून काहीच दिसायचं न्हाई. खिडकीतल्या उन्हानं कागद नुसता चमकायचा.

अन् ती जागा बौद्धवाड्यातल्या लेकरांची.

नामांतराची वर्षं होती ती. विद्यापीठाच्या नावावरून गाव फाटलं होतं. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत न्हवती.

मास्तरांनी अक्षरं मोठी करून बघितली. उपयोग न्हाई.

मग एक दिवस ज्वारीचा तक्ता उचलला, मागच्या भिंतीला दाराशेजारी टांगला अन् पोरांना म्हणाले, "फिरा सगळे."

झालं. मागचे पुढं, पुढचे मागं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर शाळेत चार बाप्ये उभे.

"मास्तर, आमची लेकरं मागं कामून टाकली?"

"उजेड तिकडं चांगला हाय."

"इतके दिवस न्हवता?"

"होता. मला उशिरा दिसला."

"आमच्या पोरांना काई दिसंना गेलंय. तक्ता जाग्यावर लावा, न्हाईतर बिस्तरा बांधा."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. 

मी डबा ठेवला. पाटलाचं पोरगं आता सगळ्यात मागं बसलेलं. त्याच्या शेजारी जाऊन मांडी घातली.

मास्तरांनी इचारलं, "पहिल्यांदा काय दिसतं?"

मी बटनच म्हणणार होते. देवाशपथ.

पण मोठ्यानं वाचलं. "मूळ. धाट. पान. कणीस."

सातवी पास हाय मी!

बाप्यांना म्हणले, "या, तुमी बी बसा की. दिसलं न्हाई तर सांगा."

कुणी बसलं न्हाई.

तक्ता तिथंच राहिला. आमी बी राहिलो. गावातून येणारं दूध तेवढं बंद झालं.

मास्तरांच्या हातात कप दिला. "घ्या. काळा चहा, पांढरा कप. दोनच रंग."

हसून हसून ठसका लागला त्यांना. कितीतरी दिवसांनी हसले.

परवा पोरगा पुण्याहून आलता. "आई, बाबांचा फोटो बैठकीत लावू. मोठा हार, लाईटची माळ. आल्यागेल्याला दिसल."

कोण येतंय रे?

तो लावून गेल्यावर मी फोटो उतरवला अन् स्वयंपाकघरात लावला. मी जेवायला बसते तिथून सरळ दिसल असा. हार न्हाई, माळ न्हाई. चारी बाजूनं मोकळी भिंत.

नजर ठरती, मास्तर. हटतच न्हाई.

ह्या वर्गात आता पहिल्या रांगेत मी, अन् शेवटच्या रांगेत बी मीच.

ताट वाढून घेते अन् वाट बघते. इचारा की एकदा, पहिल्यांदा काय दिसतं.

फोटोत बी ते बटन तुटलेलंच हाय.

मनापासून श्रद्धांजली, मास्तर.

चिडा की.