आत्याचा तिसरा भाग

पडद्यावर कुणी इंग्रजीत बोललेलं आमच्या आत्याला सहनच व्हायचं नाही. त्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं मराठी सुरू! गल्लीतली पोरं तिला ‘कॉमेंट्रीआत्या’ म्हणायची, आणि तिला ते मनापासून आवडायचं. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती सोलापुरात आमच्याकडेच होती आणि एका वकिलांकडे टायपिस्टचं काम करायची. इंग्रजी टाइप करणारी बाई आमच्या गल्लीत ती एकटीच. त्यामुळे इंग्रजांपेक्षाही आत्याला चार शब्द जास्त येतात असा आमचा ठाम समज होता. तिचाही होता.

आता इंग्रजी शिकली ती वकिलाचे दावे टाइप करून, म्हटल्यावर भाषांतरही कोर्टातलंच. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी व्हीसीआर भाड्यानं यायचा. खिडकीवर चादर अडकवून भर दुपारी अंधार करायचा आणि आत्या टीव्हीशेजारी पाट टाकून बसायची. तिचा लाडका सिनेमा अंतराळातला, तीन भागांचा. एक कप्तान बायकोला पृथ्वीवर ठेवून दुसऱ्या ग्रहावर जातो, त्याची गोष्ट. तिथला हिरवा राजा गरजला की आत्या गंभीर चेहऱ्यानं सांगायची, “सदर ग्रह आमच्या वडिलोपार्जित कब्जेवहिवाटीत आहे. सबब, तुम्ही तात्काळ निघून जावे.” कप्तानानं बंदूक उपसली की, “अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.” आम्ही हसून लोळायचो. “हसताय काय रे? अस्संच बोलला तो!” ती दटावायची.

पहिल्या भागात कप्तान जातो, दुसऱ्या भागात त्याचं यान मोडतं आणि तो तिथंच अडकतो. तिसरा भाग आमच्या कॅसेटवाल्याकडे यायला दोन वर्षं लागली. त्याच्या सुरुवातीलाच माझे बाबा मस्कतला नोकरीला गेले. आधी दर महिन्याला पत्र यायचं, मग सणासुदीला, मग यायचंच बंद झालं. मी नऊ वर्षांची होते. शाळेत कुणी विचारलं, तर ऐटीत सांगायचे, “बाबांचा दुसरा भाग चालू आहे.” घरी मात्र ताटावर बसले की घास उतरायचा नाही.

तिसरा भाग आला तो रविवार मला लख्ख आठवतो. कप्तानाला आणायला दुसरं यान जातं. निघायच्या आधी तो पृथ्वीवरच्या बायकोशी बिनतारी यंत्रावर बोलतो. त्याचा चेहरा पडदाभर झाला आणि आत्या जराशी थांबली. मग म्हणाली, “तो म्हणतोय, मी येणारे. वेळ लागेल, पण येणार. तुम्ही जेवून घेत जा, उपाशी राहू नका.” आई माझ्याशेजारी शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. यान उडालं, सिनेमा संपला, आणि कप्तान आत बसलाय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

“वाट बघणाऱ्यानं पोट भरून बघावी,” हे तेव्हापासून आत्याचं पालुपद झालं. दहावीचा निकाल असो, पंढरपूरची एसटी असो, नाहीतर माझ्या बाळंतपणाची तारीख असो, आत्या ताट वाढून पुढं उभी. माझं इंग्रजी तिनंच करून घेतलं. प्रगतिपुस्तकावर पालकांची सहीसुद्धा ती झोकात ठोकायची. नातेवाईक बाबांबद्दल काहीबाही बोलायचे, त्यांच्याशी मी तावातावानं भांडायचे. कॉलेजात असताना मी तिला एकदा सरळच विचारलं, “आत्या, खरं सांग, बाबा येतील ना?” ती तांदूळ निवडत होती. “येईल की! न यायला काय झालंय त्याला?” म्हणाली. हात थांबलासुद्धा नाही बाईचा.

मी विश्वास ठेवला. पंचविसाव्या वर्षी लग्न ठरलं, तेव्हा हट्ट करून पत्रिकेत बाबांचं नाव घातलं. कन्यादान मामानं केलं, पण अंतरपाट धरला तरी मी मान वळवून मांडवाच्या दाराकडे बघत होते. आत्या माझ्या मागंच उभी होती. तिनं माझी हनुवटी धरून तोंड फिरवलं. “समोर बघ की गं,” एवढंच म्हणाली.

आई गेल्यावर आत्याला मी माझ्याकडे आणलं. गेल्या वर्षी माझ्या लेकीला, मुक्ताला, टीव्हीवर तो तीन भागांचा सिनेमा सापडला. मी तो पुन्हा कधी बघितलाच नव्हता. शेवट गोड आहे हे ठाऊक असल्यावर काय बघायचं? आत्या म्हणाली, “जुनंपानं काय लावताय, क्रिकेट लावा की.” मुक्ता कसली ऐकतेय! पहिल्या दोन भागांना आत्यानं अशी कॉमेंट्री केली, की पोरगी हसून हसून रडली. तिसरा भाग लागला आणि आत्याचं डोकं दुखायला लागलं. मग तिला चहा हवा झाला. मग उजेड डोळ्यावर यायला लागला.

कप्तानाचा चेहरा पडदाभर झाला. आता इंग्रजी मलाही कळत होतं. तो स्वच्छ सांगत होता, मी येणार नाही. मला इथंच राहायचंय. माझी वाट बघू नका. आणि त्याला न्यायला आलेलं यान रिकामं परत गेलं.

“काय पण माणूस आहे!” मुक्ता म्हणाली. समोर माणूस इंग्रजीत बोलतोय आणि आत्या गप्प, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

मी टीव्ही बंद केला, मुक्ताला आत पाठवलं. “आत्या, थाप मारलीस?”

“मग काय सांगायचं होतं, नंदे? चार दिवस तुझ्या पोटात अन्न नव्हतं. त्याच आठवड्यात त्याचं पत्र आलेलं. तिकडं दुसरा संसार मांडलाय म्हणून.”

“आणि आई?”

“तिनंच आधी वाचलं. म्हणाली, वन्सं, नंदीला कळू देऊ नका.”

म्हणजे चादर लावलेल्या त्या खोलीत या दोघींना सगळं ठाऊक होतं. वाट बघत होते ती मी एकटी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “नऊ वर्षांच्या पोरीला फसवलंस, ते मी समजू शकते. पण मांडवात? मी दाराकडे बघत होते आणि तू माझ्याकडे बघत होतीस!”

“तुझी आई म्हणाली, आजचा दिवस जाऊ दे.”

“आणि नंतर?”

“नंतर रोजच आजचा दिवस असतोय की गं.”

एवढ्यावरही थांबली नाही. म्हणाली, “त्याला मी दर दिवाळीला पत्र टाकते. तू पास झालीस, लग्न झालं, मुक्ता झाली, सगळं कळवलंय.” उत्तर आलं नाही कधी, पण पत्रंही परत आली नाहीत. बाबांना माझं सगळं माहीत होतं. आणि मला बाबांचं काय माहीत होतं? एक थाप.

पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. गोळ्या दिल्या, पाणी तापवून दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी तीच म्हणाली, “शिव्या दे की मला. मुकी राहिलीस तर घर खायला उठतंय.” मी दिल्या. मनात होतं-नव्हतं ते सगळं ओकले. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो हात झटकला. मग पुन्हा मीच धरला.

गेल्या माघात आत्या गेली. मी तिला माफ केलंय का? नाही केलेलं. आणि तरी सकाळी चहा टाकताना तिचा कप अजून हातात येतो, रडू आवरत नाही.

दिवस झाल्यावर तिच्या पत्त्यांच्या वहीत मस्कतचा पत्ता सापडला. सख्ख्या भावाला कळवायला हवं, एवढी रीत मलाही कळते. छत्तीस वर्षांचं लिहायला बसले होते, चार पानं तरी होतील असं वाटलं होतं. झाल्या दोनच ओळी. “तुमची बहीण गेली. तुम्ही येऊ नका, इथं कुणी वाट बघत नाही.”