फाटक

इंग्लंडच्या किनाऱ्याने चालताना पायवाट एका शेतात शिरली. मी थबकले. आतून म्हातारा शेतकरी ओरडला, "या की! ही वाट माझ्या आजोबांच्याही आधीची. फक्त फाटक लावून घ्या, मेंढ्या पळतात."

मान खाली घालून मी शेत ओलांडलं. कोकणात आमच्या काकांनी समुद्राकडच्या वाटेवर दगडी गडगा रचून ती अडवलीय. तेव्हापासून मासे विकणाऱ्या बायका डोक्यावर टोपली घेऊन टेकडीला वळसा घालतात. साम्राज्यशाहीविरुद्धचं माझं पत्रक हातात घेऊन त्यांतली सखूमावशी हसली होती, "बाय, ह्येच्यात आमचो गडगो खंय?"

"काका दुखावतील गं," मी म्हणाले होते.

फाटक मी नीट लावलं. वाट बंद करणं आमच्या घराला चांगलं जमतं.