ब्रिडीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

तासगाव सोडलं त्या सकाळी आईने माझ्या बॅगेतून एक साडी काढली आणि तिथे दोन किलो बेदाणे कोंबले. शेडमालकाने दिलेले, न निवडलेले. "तिकडे बसून निवड. हाताची सवय जायला नको," म्हणाली. बेदाण्याच्या शेडवर ती आयुष्यभर निवडायला गेली. मी आठवीतून शाळा सोडून तिच्याच शेजारी बसले. देठ काढायचे, काळपट दाणे बाजूला टाकायचे. गार्गी तेव्हा तीन वर्षांची होती, माझ्या मांडीवर झोपलेली. जीप सुरू झाली तेव्हा आई खिडकीशी येऊन म्हणाली, "कुणी काही दिलं तर नको म्हणू नकोस, पण आपल्याला चालतं का बघून खा. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नकोस."

दोन्ही गोष्टी मी पाळल्या. आणि त्याचीच लाज वाटते.

गार्गीचे बाबा, म्हणजे हे, इथे इंग्लंडात स्लाऊला ट्रेडिंग इस्टेटमध्ये एका डेटा सेंटरचं कूलिंग बघतात. चार वर्षं झाली. बटण दाबलं की पाणी गरम, नळ कधी जात नाही, गार्गीची शाळा फुकट. मी रोज देवाचे आभार मानते आणि रोज घाबरते, की आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल.

गेल्या सप्टेंबरात आम्ही या घरात आलो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या ब्रिडीने कुंपणावरून एक गोल पत्र्याचा डबा दिला. ब्रिडी ऐंशीच्या पुढची, आयर्लंडची. सोळाव्या वर्षी इथे आली आणि कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करत म्हातारी झाली. डब्यात काळसर, जड, पावासारखा केक होता. ती त्याला ब्रॅक म्हणते. मनुका रात्रभर चहात भिजवून करतात, हे मला आत्ता कळलं. वर घडी घातलेली चिठ्ठी होती. ती भरभर काहीतरी बोलली, मी "येस, येस, थँक्यू" केलं.

आमच्याकडे अंडं चालत नाही. शिवाय इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईने सांगितलं होतं, "इथल्या जुन्या बायका बेकिंगमध्ये डुकराची चरबी घालतात हं, लार्ड म्हणतात." चिठ्ठीत काय असेल ते बघायला ती उघडली. इंग्रजीतली सुट्टी मोठी अक्षरं मी लावून लावून वाचते, बसवरची पाटी, पाकिटावरचं नाव. पण हे जोडून लिहिलेलं अक्षर म्हणजे सुतळीचा गुंता. आणि दाखवायची कुणाला? लग्न ठरवताना आमच्या लोकांनी मुलगी दहावी पास सांगितली होती. बारा वर्षं मी दहावी पास आहे. घरात कुणाला कळू नये म्हणून किती पत्रं मी "डोकं दुखतंय, तुम्हीच वाचा" म्हणून पुढे सरकवली आहेत.

तेव्हा केक ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत बांधला, अन्नाला हात जोडले आणि कौन्सिलच्या फूड वेस्टच्या डब्यात टाकला. पत्र्याचा डबा घासला, पुसला, बेसनाचे लाडू भरून परत दिला. रिकामा कसा देणार?

झालं. भरलेला डबा बघून ब्रिडीला वाटलं, आवडला. पंधरा दिवसांनी डबा परत आला. मी चिवडा दिला. पुन्हा केक, पुन्हा चिठ्ठी. शंकरपाळी. पुन्हा केक. ती विचारायची, मी म्हणायचे, "व्हेरी टेस्टी!" यांना साखरेचा त्रास, त्यामुळे गोडाची चौकशी घरात कुणी करत नाही. डिसेंबरात आईने कुणाबरोबर तरी पाठवलेले बेदाणेच "माय मदर सेंड" म्हणत डबा भरून दिले. निवडायचासुद्धा कंटाळा केला.

चिठ्ठ्या मात्र टाकल्या नाहीत. कागदाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. ज्याची शाळा सुटली तो जरा जास्तच करतो. देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवत गेले.

फेब्रुवारीच्या सुट्टीत गार्गी तो खण उपसून बसली. "आई, हा सगळा ब्रिडीचा चिठ्ठी आहे? तू का ठेवला?"

मी सहज विचारल्यासारखं केलं. "वाच बघू, येतं का तुला."

ती अडखळत वाचायला लागली आणि मराठीत सांगायला लागली. पहिलीत होतं: अंडं नाही, लार्ड नाही, नुसतं बटर. तुझ्या नवऱ्याला विचारून घेतलंय. एकीत होतं: तुझे लाडू खाल्ले आणि यात वेलदोडा घालून बघितला. ख्रिसमसच्या केकबरोबरची: यात तुझ्या आईचे बेदाणे आहेत. तिला सांग, असे इथे मिळत नाहीत.

"आई, तू का रडते?"

अकरा चिठ्ठ्या होत्या. अकरा केक. एकालाही सुरी लावली नव्हती. लावली असती तर आतला आईचा बेदाणा मी लगेच ओळखला असता.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा तो डबा रिकामा घेऊन गेले. आत फक्त चिठ्ठ्या. लाडू घालायला हात धजावला नाही. ब्रिडीच्या ओट्याशी उभी राहून म्हटलं, "आय थ्रो. ऑल केक. आय कॅनॉट रीड."

तिने डब्यातल्या चिठ्ठ्या चाळल्या. मग म्हणाली, "ख्रिसमसचा पण?"

"येस."

"त्या बेदाण्यांचे देठ मी एकेक करून काढले होते. दोन संध्याकाळी. चष्मा लावून."

मला वाटलं जमीन फाटावी. लहानपणापासून जे काम मी केलं, जे या वेळी टाळलं, ते या बाईने माझ्या आईच्या मालासाठी केलं होतं, आणि मी ते कचऱ्यात टाकलं होतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने केटल लावली. चहा पिताना म्हणाली, "माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली. अक्षर तेवढं नन्सनी पट्टी मारून वळणदार केलं. काय उपयोग, तुला वाचताच येत नाही." आणि जराशी हसली. "शनिवारी ये. ताक आण तुझं."

शनिवारी तिने सोडा ब्रेड दाखवला. पीठ, मीठ, सोडा, ताक. मी भाकरीच्या हाताने मळायला लागले तर माझ्या मनगटावर चापट मारली. "अगं, दगड करतेस का त्याचा! नुसतं गोळा कर." कृती तिने कागदावर सुट्ट्या मोठ्या अक्षरांत लिहिली आणि म्हणाली, "आता मोठ्याने वाच." मी वाचली. 'बटरमिल्क'ला दोनदा थांबले. शेवटी तिने फडताळातून एक वाटी काढली. आईचे बेदाणे, मूठभर शिल्लक ठेवलेले. तेही पिठात गेले.

त्या रात्री यांना सगळं सांगितलं, केकचं आणि आठवीचंही. हे म्हणाले, "ब्रिडीने मला विचारलं होतं, तुला सांगायचंच राहिलं." दोन दिवसांनी गार्गीच्या शाळेचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. "वाच. अडलं तर विचार."

रविवारी व्हिडिओवर ब्रेडची फोड आईला दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. बाकी काही न विचारता म्हणाली, "देठ कुणी काढलेत गं? नीट काढलेत."

"शेजारच्या ब्रिडीने," म्हटलं. बाकीचं तोंडातून निघालं नाही.

तेव्हा आई, ते इथे लिहितेय. तुझे बेदाणे मी टाकले. तुला वाचता येत नाही, वहिनी वाचून दाखवेल. आपल्याला जे वाचता येत नाही ते कुणासमोर तरी धरावं आणि त्याने वाचून दाखवावं, एवढं जिथे होतं ते घर, असं मला आता वाटतं. माझं ते इथेही होतं, कुंपणापलीकडे. मीच सहा महिने चिठ्ठी पुढे केली नाही.