दुसऱ्याच्या देशातला बर्फ

चोवीस डिसेंबरच्या सकाळी अनुजाने हॉलमधला एसी अठरावर टाकला, अंगावर शाल घेतली आणि डिंकाचे लाडू वळायला बसली. बाहेर घामाच्या धारा. पण थंडीतले लाडू थंडीतच वळायचे, हा तिचा हट्ट. आणि सिंगापुरात थंडी रिमोटवरच मिळते, त्याला ती बिचारी काय करणार!

"आई, शाल? सीरियसली, लाह?" इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत नववीतल्या जाईने डोक्याला हात लावला.

"बाबांना आवडतात. तू हात धू आणि वळायला ये."

बाबा म्हणजे रघुवीर, मालवाहू जहाजावरचा चीफ इंजिनीअर. तो दसऱ्याला घरी येणार होता. मग दिवाळीला. आता नाताळ. पण या वेळी गोष्ट पक्की होती, कारण जहाजच दारात आलं होतं. इंधन भरायला त्याने कालच ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकला होता, आणि बाराव्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीतून ते दिसतही होतं. निदान 'निळं दिसतंय ते आपलं' असं दोघी मायलेकींनी ठरवून टाकलं होतं. रघुवीरच्या जागी येणारा पोलंडचा इंजिनीअर आज विमानाने उतरला की दुपारच्या लाँचने रघुवीर किनाऱ्यावर.

अनुजाने ही बातमी स्वतःपाशी ठेवली असती तर ती अनुजा कसली? भाजीवाल्याला सांगितली, लिफ्टमध्ये सांगितली, मंडळातल्या सुलेखाला सांगितली. सुलेखाने लगेच एकतीस तारखेचा कार्यक्रम आखून रघुवीरच्या नावावर दोन गाणीही टाकली.

लाडू निम्मे झाले असतील, तोच दाराच्या लोखंडी जाळीवर टकटक झाली. समोरच्या लिम आंटी खोका घेऊन उभ्या. आत केक, हुबेहूब लाकडाच्या ओंडक्यासारखा. वर पिठीसाखरेचा बर्फ. इतकी वर्षं इथे राहून अनुजाला या केकची गंमत वाटायची. ज्यांच्याकडे थंडी असते ते लाकूड जाळतात. यांच्याकडे नाही, म्हणून हे खातात.

"अंकल आज येणार ना? घ्या. एगलेस आहे, मुद्दाम शोधला," लिम आंटी आत येत त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. अनुजाने लाडू पुढे केला. त्यांनी एक घास खाल्ला आणि डोळे मोठे केले. "अय्यो, फार हीटी! अंकलना नाकातून रक्त येईल हां."

अनुजा खळखळून हसली. देवगडला तिची आईही अगदी हेच म्हणायची, उष्ण पडेल, दोनच्या वर नको.

तेवढ्यात फोन वाजला. रघुवीर.

"अनू, बसलीयेस का?"

ती उभी होती. तशीच राहिली.

"माझ्या जागी येणारा रिलीव्हर अडकलाय गं. तिकडे पोलंडमध्ये रात्रभर बर्फ पडला. विमानं बंद."

"मग उद्या येईल."

"जहाज संध्याकाळी निघतंय. आणि चीफशिवाय निघता येत नाही."

"कुठे?"

"ब्राझील."

म्हणजे संक्रांतही समुद्रावर. अनुजाने जन्मात बर्फ पाहिला नव्हता. पाहिला तो इथल्या मॉलसमोर संध्याकाळी उडवतात तो साबणाच्या फेसाचा. पोरं त्याच्याखाली नाचतात आणि आया केस पुसत फिरतात. आणि खरा बर्फ कुठे पडला, तर त्याला नेमकं हिचंच घर सापडलं.

रागवायचं तरी कुणावर? कंपनीने सकाळीच ईमेलवर सहकुटुंब शुभेच्छा पाठवल्या होत्या, घंटा वाजवणाऱ्या हरणासकट. त्या पोलंडच्या माणसावर रागवावं, तर त्याच्या बायकोचा विचार मनात आला. निघालेला नवरा ऐन सणाला घरी परतला. तिने आज देवापुढे मेणबत्ती लावली असेल. तिच्या जागी आपण असतो तर आपणही लावलीच असती की.

"आपली बिल्डिंग दिसतेय इथून," रघुवीर म्हणाला. "खिडकी नाही कळत."

"आम्हीही कुठलं तरी निळं जहाज धरून बसलोय."

"आपलं लाल आहे गं."

दोघंही हसली. लिम आंटींना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी फ्रिज उघडला, दुधाच्या पिशव्या सरकवून केकला जागा केली आणि दार हळूच ओढून त्या गेल्या. एसीच्या गारव्याने परातीतलं उरलेलं मिश्रण दगड झालं होतं. जाई त्यात उलथनं खुपसत होती. "आई, हे तुटत नाहीये."

"राहू दे, बाळा."

लाल म्हणाल, तर लाल तिथे सहा-सात तरी होती. अनुजा खिडकीशी उभी राहून एकेकावर नजर फिरवत होती.

"अनू, ऐकतेयस ना? एवढं वाईट वाटून घेऊ नकोस," रघुवीरचा आवाज उगाचच उत्साही झाला. "कंपनीशी बोललोय मी. या वेळी अगदी नक्की म्हणालेत, फेब्रुवारीच्या—"

"अहो," तिने त्याला मध्येच थांबवलं. "तुम्ही याल तेव्हा या. फक्त मला आता तारीख सांगू नका."