हवा धरणाऱ्या बाई

आमच्या प्रयोगशाळेत अहवाल कपाटात साठतात आणि किस्से चहाच्या किटलीभोवती. अहवाल कुणी उघडत नाही, किस्से मात्र ज्याच्या-त्याच्या तोंडी! माझं काम हवेतले परागकण बघायचं. फुलांची ही बारीक धूळ वाऱ्यावर गावभर हिंडते. चिकट जेली लावलेल्या काचपट्ट्या मी लोकांच्या गच्चीवर ठेवते, आठवड्यानं आणते आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. त्यानंतर बाहेर आलं की रिकामं आभाळसुद्धा भरलेलं वाटतं.

सिडकोतल्या शेजारच्या काकूंनी एकदा पापड वाळत घालता घालता विचारलं, "तू ऑफिसात नेमकं करतेस काय गं?"

"हवेतले परागकण मोजते, काकू."

काकूंचा हात थांबला. काळजीनं म्हणाल्या, "का? काही हरवलेत का?"

आमचे लॅब असिस्टंट मुनीरभाई. मी त्यांना सारखी खिडकी लावायला सांगते, कारण बाहेरचे परागकण आत आले की नमुने बिघडतात. एका उकाड्याच्या दुपारी त्यांनी कपाळ पुसलं आणि कळवळून म्हणाले, "मॅडम, काम पूरा हवा का, और हवाच को अंदर आने की मनाई? ये कैसा इन्साफ!"

मी उठून खिडकी उघडली. कडुलिंबाच्या मोहराचा वास आत आला. त्या दिवशी काम काही झालं नाही!

आमचे विभागप्रमुख जगताप सर तर आणखी वेगळे. वैशाखात एका सकाळी त्यांनी भर रस्त्यात, करंजाच्या झाडाखाली स्कूटर थांबवली आणि वर बघत उभे राहिले. मागं ही रांग! ट्रॅफिक पोलीस धावत आला. "काका, गाडी बंद पडली का?"

"नाही. बहर आलाय."

पोलिसानं वर पाहिलं. जांभळट फुलं टपटप गळत होती. एक त्याच्या खांद्यावर पडलं. तेवढ्यात मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबला, तसा पोलीसच खेकसला, "थांब की जरा! दिसंना का, बहर आलाय!"

फर्दापूरला एका लॉजच्या गच्चीवर आमची पट्टी असते. समोरच्या माळावर बाजीनाना मेंढरं राखतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, ह्या काचंवर काय धरता?"

मी गमतीनं म्हटलं, "हवा!"

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. पुढच्या आठवड्यात मी पट्टी काढत होते, तर माळावरून हाक आली, "ताई, गावली का?"

"गावली, नाना!"

"मंग सोडा की तिला! मेंढरं लई धापा टाकायलीत!"

बिडकीनच्या गयाबाईंच्या घराच्या मातीच्या धाब्यावरही एक पट्टी होती. त्यांचं रान कारखान्यांच्या वसाहतीत गेलं. रान गेल्यावर तिकडं त्या फिरकल्या नव्हत्या. थंडीतल्या एका सकाळी मी पट्टी उतरवली, तर हळूच म्हणाल्या, "बाई, वारं तिकडूनच येतंय. माझ्या रानातलं काई येतं का यात?"

पुढच्या खेपेला मी छोटा सूक्ष्मदर्शक सोबत नेला, त्यांच्या ओट्यावर उन्हात मांडला. काचेखाली एक गोल, गुळगुळीत दाणा होता, त्याला एकच छिद्र. गवताच्या कुळातले सगळे दाणे असेच दिसतात. ज्वारी, बाजरी, हरळी. सूक्ष्मदर्शकाखाली निवडता येत नाहीत. मी तसं त्यांना नीट समजावून सांगितलं.

गयाबाईंनी पदर सावरला, वाकून डोळा लावला. बराच वेळ हलल्याच नाहीत. गल्लीतून एक टेम्पो गेला, कोंबड्या पांगल्या, तरी डोळा तिथंच.

मग म्हणाल्या, "ही शाळू जवारी हाय. माझी."

"गयाबाई, अहो, सगळे सारखेच दिसतात..."

"तुमाला दिसत असतील," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्या जल्मभर निंदलीय. मला वळखू येणार नाय व्हय?"

मी रजिस्टर उघडलं. 'प्रकार' या रकान्यात लिहिलं, शाळू ज्वारी. पुढचा रकाना होता, 'ओळख कोणी पटवली'.

तिथं लिहिलं, गयाबाई.